हिरवा पाला सगळ्यांचा

दिमोना, इस्राएल

ती. काका आणि काकूंना,

शालोम.

सुक्कोथ, म्हणजे मांडवांचा सण, आटोपला आणि सिनेगॉगमध्ये तोरा, आपला पाच पुस्तकांचा धर्मग्रंथ, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. त्यातलं पहिलं पुस्तक बेरेशीथ, म्हणजे उत्पत्ती; त्याचा पहिला अध्याय लहानपणापासून ऐकतोय, पण यंदा मन तिसाव्या वचनावर अडकलं. सहाव्या दिवशी देव माणसाला बीज देणाऱ्या वनस्पती आणि फळझाडं देतो, आणि तिथेच, बोलणं न थांबवता, रानातली जनावरं, आकाशातली पाखरं, जमिनीवर सरपटणारे जीव या सगळ्यांना हिरवा पाला देतो. आपलं जेवून उरलेलं त्यांना, असं नाही, पंगत एकच. अकराव्या शतकात फ्रान्समध्ये होऊन गेलेल्या तोराच्या भाष्यकार रशींनीही इथे हेच लिहिलंय की खाण्याच्या बाबतीत देवाने जनावरांना माणसाच्या बरोबरीला बसवलं. आदामाला मांसाची परवानगी नव्हती. ती मिळाली नोहाला, जलप्रलयानंतर, नवव्या अध्यायात.

काका, तुम्ही विचाराल, मग सिंहाचं काय? मीही त्यावर बराच विचार केला. आपल्या धर्मग्रंथांतल्या १०४व्या स्तोत्रात सिंहाचे छावे रात्री गर्जना करत देवाकडे भक्ष्य मागतात. बेरेशीथ सांगतं जग मुळात कसं घडलं, आणि स्तोत्र आज दिसणाऱ्या रानाकडे बघून गातं. देणारा मात्र दोन्हीकडे एकच, म्हणून मला त्यांत विरोध वाटत नाही.

त्याच स्तोत्रात उंच डोंगर रानबकऱ्यांना आणि खडक शाफानांना, म्हणजे खडकांत राहणाऱ्या छोट्या केसाळ प्राण्यांना, दिलेत. काकू, हे दोघेही एन गेदीला डोळ्यांनी बघता येतात! मृत समुद्राकाठचं उघडंबोडकं वाळवंट, त्यात एका झऱ्यापुरती हिरवळ. वाकड्या शिंगांचे बोकड कड्यावर पाय रोवून उभे असतात आणि सशाएवढे शाफान बाभळीवर चढून पाला खातात. त्या उन्हात ती हिरवळ पाहिली की तिसावं वचन वेगळं समजावून सांगावं लागत नाही. उत्तरेकडे हुला खोऱ्यात हिवाळ्यात हजारो क्रौंच उतरतात. शेतं वाचावीत म्हणून तिथे त्यांच्यासाठी मुद्दाम मका टाकतात. कारण व्यवहाराचं असलं तरी मला ते फार आवडतं.

तोरा एवढ्यावर थांबत नाही. तोराच्या पाचव्या पुस्तकाच्या, म्हणजे अनुवादाच्या, अकराव्या अध्यायात देव आधी गुरांसाठी गवत देईन म्हणतो, मग ‘तू खाशील’. त्या क्रमावरून तालमूदमध्ये, म्हणजे जुन्या धर्मपंडितांच्या चर्चांच्या ग्रंथात, नियम आला: जनावराला घातल्याशिवाय आपण जेवायचं नाही. मळणीच्या बैलाला मुसकी बांधायची नाही. आणि शब्बाथची, म्हणजे शनिवारची, विश्रांती बैलाला, गाढवालासुद्धा.

इथे मला आपला कोकण आठवतो. लोक आपल्याला, बेने इस्राएली ज्यूंना, शनिवार तेली म्हणायचे ते शनिवारी घाणा बंद ठेवायचो म्हणून. घाणा बंद म्हणजे बैलही मोकळा. आपल्या माणसांकडे पुस्तकं फार नव्हती, तरी ही आज्ञा त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. आणि मलिद्याला, त्या गोड पोह्यांच्या विधीला, आपण ज्या एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव घेतो, त्यांना ओढ्याकाठी सकाळ-संध्याकाळ भाकर आणि मांस कावळ्यांनीच आणून दिलं होतं ना!

काका, पणजोबांच्या घाण्याबद्दल आणि त्यांच्या बैलाबद्दल तुम्ही आजोबांकडून जे जे ऐकलं असेल, ते सगळं लिहून पाठवा. मुलांना वाचून दाखवायचं आहे. काकूंनी गुडघ्यांना तेल लावणं सोडू नये.

तुमचा,
बाळू