आमच्या फियाटचा रुसलेला तीन नंबरचा सिलिंडर शोधून देणाऱ्या मेकॅनिक काकांना

सा. न. वि. वि.

काका, निघताना तुमचे आभार मानले होते, पण पाऊस थांबत नव्हता आणि आई गाडीत ताटकळली होती. मनातलं बोलायचं राहिलं, ते आज सगळ्यांदेखत लिहिते. कशेडी घाटाच्या अलीकडे तुमच्या गॅरेजात जे पाहिलं, ते जुन्या गाड्या जपणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवं.

आमची फियाट, म्हणजे बाबांनी घेतलेली प्रीमियर पद्मिनी, कोरड्या दिवशी छान चालायची. पाऊस लागून वर चढ आला की मिसिंग मारायची, म्हणजे सिलिंडरात पेट्रोल पेटायचं चुकायचं. धक्के बसायचे, पिकअप जायचा, सायलेन्सरमधून फटफट आवाज यायचा. मुंबईत एका ठिकाणी आधी चारही प्लग बदलले, मग ठिणगीचा करंट देणारी कॉइल, मग पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरचं किट घातलं. बिलं झाली, मिसिंग होतं तिथेच.

तुम्ही बॉनेटला हात लावायच्या आधी प्रश्न विचारलेत. थंड असताना मारते की तापल्यावर? सपाटीला की लोडवर? कोरड्यात एकदा तरी मारली का? आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं! मग उभ्या गाडीचं इंजिन स्लोला ठेवून, रबरी मुठीच्या पक्कडीने एकेका प्लगची वायर काढत गेलात. पहिली काढली, इंजिनचा आवाज बसला. दुसरी, तसंच. तिसरी काढली तर इंजिनच्या आवाजात काडीचा फरक नाही. चौथीला पुन्हा बसला. "ताई, तीन नंबर मारतच नाहीये," तुम्ही म्हणालात. कॉइल आणि कार्बोरेटर तर चारही सिलिंडरना मिळून एकच. ते बिघडले असते तर एकटा तिसराच कसा रुसला असता? इतकं सरळ होतं ते, पण तुम्ही दाखवेपर्यंत कुणाला दिसलं नव्हतं.

तिथून पुढे तुम्ही एकेक शक्यता खोडत गेलात. तिसरा प्लग पेट्रोलने ओला निघाला, म्हणजे पेट्रोल पोचत होतं, जळत नव्हतं. प्लगच्या भोकावर अंगठा धरून मला स्टार्टर मारायला लावलात. अंगठा उडाला, म्हणजे कॉम्प्रेशन, सिलिंडरातला दाब, होतं. एक आणि तीनचे प्लग अदलाबदल केलेत, तरी तिसराच मेलेला. वायरी बदलून पाहिल्या, तरी तेच. मग राहिली एकेका प्लगला करंट वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची कॅप. तुम्ही गॅरेजातला दिवा घालवलात, कॅपवर पाण्याचा बारीक फवारा मारलात आणि अंधारात निळी ठिणगी कॅपवरून सरपटताना मी स्वतः पाहिली. बॅटरीच्या उजेडात तिसऱ्या टोकापासून कडेपर्यंत केसाएवढी काळी चीर होती. ओल आली की करंट प्लगकडे न जाता त्या चिरेतून गाडीच्या बॉडीत उतरत होता. आणि चढावरच का, तेही तुम्ही समजावलंत: ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरात मिश्रण जास्त भरतं, दाब वाढतो, त्या दाबात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. मग करंट सोपी वाट धरतो.

हल्लीच्या गाड्यांना स्कॅनर लावला की 'पी ०३०३' असा कोड येतो, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचं मिसफायर. पण कोडसुद्धा कोणता सिलिंडर एवढंच सांगतो. प्लग, वायर, इंजेक्टर की कॉम्प्रेशन, ते तुमच्यासारखंच एकेक करून शोधावं लागतं.

तुम्ही कॅपवरच थांबला नाहीत, याचं मला सर्वांत जास्त कौतुक वाटतं. डिपस्टिक काढून तिचा वास घेतलात आणि सांगितलंत की न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं, ऑइल पातळ होतं, तेव्हा आधी ऑइल बदला. ते बदललं. मिसिंगपेक्षा ते पातळ ऑइलच जास्त अंगावर आलं असतं.

जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची जपून ठेवलेली कॅप तुम्ही फडताळातून काढून दिलीत आणि पैसे घेतलेत ते फक्त तिचे. मजुरी विचारली तर हात हलवलात. मुंबईत ऐन उमेदीत तुम्ही याच गाड्यांवर काम केलंत. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी तिथल्या रस्त्यावरून निघून गेली, तेव्हा बातम्यांत गाडीचे फोटो होते. त्या गाड्या रोज रस्त्यावर उभ्या करणाऱ्या तुमच्यासारख्या हातांबद्दल फारसं काही वाचायला मिळालं नाही. म्हणूनही हे लिहिलं.

त्यानंतर मुसळधार पावसात दोनदा घाट चढून झाला. चारही सिलिंडर व्यवस्थित मारतायत. डिस्ट्रिब्युटरमधल्या कॉन्टॅक्ट पॉइंटची फट कशी लावायची ते शिकवीन म्हणाला होतात. मी फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचं फीलर गेज घेऊन ठेवलंय. गणपतीला खेडला जाताना येते.

आपली कृतज्ञ,
फियाटवाली ताई