गेटवर घेतलेली बॅग आणि तिच्यातली पॉवर बँक

महोदय,

विमानतळावरील सुरक्षा तपासणीबद्दल वाचकांची पत्रे येतात ती बहुधा रांगेबद्दल, नाहीतर काढून घेतलेल्या नेलकटरबद्दल. पॉवर बँक चेक-इन सामानात टाकायची नाही, हे बहुतेकांना माहीत असते. का टाकायची नाही, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. त्यामुळेच तपासणी नीट पार पडल्यावरही एक चूक होते.

पॉवर बँकमधल्या लिथियम-आयन सेलच्या दोन ध्रुवांमध्ये प्लॅस्टिकचा अतिशय पातळ पापुद्रा असतो. सेल दबला, कशाने भोसकला गेला किंवा बनवतानाच दोष राहिला, तर आतल्या आत शॉर्ट सर्किट होते, ज्वलनशील वायू सुटतो, पेट घेतो आणि शेजारचा सेलही तापत जातो. विमानाच्या मालकक्षात आग लागल्यास हॅलॉन वायू सोडतात. तो ज्वाळा दाबतो, पण सेल थंड करत नाही. त्यात बॅगेत लगत डिओडरंटचा स्प्रे असला, तर तो तापून फुटू शकतो. केबिनमध्ये निदान धूर लगेच दिसतो. कर्मचारी आधी अग्निशामकाने ज्वाळा विझवतात, मग उपकरणावर पाणी ओतून ते थंड करतात. बर्फ वापरत नाहीत, कारण त्याच्या थराखाली उष्णता कोंडते.

एक्स-रेच्या पडद्यावर सेंद्रिय पदार्थ नारिंगी आणि धातू निळे दिसतात. बॅगेत बॅटरी आहे, एवढे त्यावरून कळते. तिच्यातला सेल सदोष आहे की नाही, हे कळत नाही. म्हणून ती कुठे ठेवायची, हाच खरा उपाय उरतो.

आता चूक कुठे होते ते. वरचे कप्पे भरले की केबिन बॅगा गेटवरच घेऊन मालकक्षात पाठवतात. ही बॅग सुरक्षा तपासणीतून ‘केबिन बॅग’ म्हणून पार झालेली असते, म्हणजे तिच्यात पॉवर बँक असणे तोवर नियमात बसत होते. टॅग लागताच ते नियमबाह्य होते आणि तिथे दुसरे एक्स-रे यंत्र नसते. पॉवर बँक, सुट्या बॅटऱ्या आणि ई-सिगारेट बॅग देण्याआधी बाहेर काढायला हव्यात. घाईत, मागे रांग खोळंबलेली असताना, बॅगेच्या तळाशी हात घालायला कोणाला सुचणार? या वस्तू आधीपासूनच एका छोट्या पाऊचमध्ये वेगळ्या ठेवाव्यात. कॅमेऱ्याच्या सुट्या बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावावी. नाण्यांशी किंवा किल्ल्यांशी संपर्क आला तरी शॉर्ट होते.

क्षमतेचा हिशेब सोपा आहे: एमएएच (मिलिअँपिअर-तास) गुणिले व्होल्ट, भागिले 1000, म्हणजे वॉट-तास. व्होल्टेज सेलचे, म्हणजे साधारण 3.7 घ्यायचे, यूएसबीचे 5 नव्हे. 20,000 एमएएचची पॉवर बँक 74 वॉट-तासांची भरते. 100 वॉट-तासांपर्यंत सहसा परवानगी लागत नाही, 100 ते 160 साठी विमान कंपनीची संमती लागते आणि त्यापुढची प्रवासी सामानात चालत नाही. छापील अक्षरे पुसली गेली असतील तर ती अडवली जाऊ शकते. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही.

केबिनमध्येही ती हाताशी असावी. 28 जानेवारी 2025 रोजी दक्षिण कोरियातील गिम्हे विमानतळावर एअर बुसानच्या विमानात वरच्या कप्प्यातून आग पसरली. विमान जमिनीवरच होते, म्हणून सगळे बाहेर पडू शकले. पॉवर बँकमधील बिघाड हे संभाव्य कारण असल्याचे तपासात पुढे आले. या आगीनंतर दक्षिण कोरियात वरच्या कप्प्यात पॉवर बँक ठेवण्यास मनाई झाली. आणि फोन सीटच्या फटीत पडला तर सीट पुढे-मागे करून शोधू नये. यंत्रणेत चिरडलेला फोन तिथेच पेटतो. कर्मचाऱ्यांना बोलवावे.

विमान कंपन्यांकडे मागणी एकच: गेटवर बॅग घेताना ‘बॅटरी काढली का?’ हे विचारावे, प्रवाशाला बॅग उघडायला दोन मिनिटे द्यावीत आणि मगच टॅग लावावा.

– एक विमान देखभाल अभियंता