बोलोन्याहून, आई-बाबांना

ती. बाबा, ती. आई,
शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. आई, डोळे ठीक आहेत. तांब्याच्या पत्र्यावर ॲसिडने रेघ कोरायचं काम मास्तर स्वतः करतात, माझ्याकडे फक्त रंग. तेव्हा कॉलवर ‘तोंड उतरलंय’ आता पुरे. इथला हिवाळ्यातला उजेडच तसा आहे.

बाबा, छापलेल्या चित्राला परत हाताने रंग कशाला, मशीन नाही का, असं विचारलंत. आहे की! पण मास्तरांना ते नको. पत्र्यावरची रेघ काळ्या शाईत छापायची आणि कागद वाळला की मी जलरंग भरते. सध्या लिंबाचं झाड चाललंय. पाणी जास्त झालं की पिवळा रेघेबाहेर पाझरतो, म्हणून कुंचला आधी फडक्यावर टिपायचा. 30 प्रतींत रेघ तीच, पिवळा मात्र प्रत्येकीत निराळा.

एक गोष्ट तुम्हाला मुळीच पटणार नाही. 30 प्रती झाल्या की त्या चांगल्या तांब्याच्या पत्र्यावर सुईने फुली मारतात! वर त्या फुलीसकट एक प्रत छापून ठेवतात, पुरावा म्हणून. प्रत्येक चित्राखाली पेन्सिलीने 7/30, 8/30 असा आकडा असतो. पत्रा शाबूत राहिला तर एकतिसावी छापली नाही कशावरून? गिऱ्हाइकाचा विश्वास त्या फुलीवर. कळतं मला, पण मन धजत नाही. तांबट आळीत असा पत्रा कोणी बाद केला असता तर आजोबांनी आळी डोक्यावर घेतली असती. बरं, मोडीतही घालत नाहीत, फळीवर जपून ठेवतात.

मध्यंतरी चित्रकार जॉर्जो मोरांदींचं इथलं घर पाहिलं. 1930 ते 1956 इथल्या कला अकादमीत हेच कोरीवकाम शिकवायचे. 1953 साली ब्राझीलमध्ये साओ पाउलोच्या प्रदर्शनात कोरीवकामाचं पहिलं बक्षीस त्यांना मिळालं. विषय बहुतेक बाटल्या, बरण्या नि सुरया. कोरीवकामात रंगाच्या नादी न लागता नुसत्या काळ्या रेघांच्या जाळीतून ऊन-सावली काढली. माझं पोट रंगावर चालतं, तरी मला तेच जास्त आवडतं. लग्न केलं नाही त्यांनी, आई आणि तीन बहिणींबरोबर राहिले. आई, हे सहज लिहिलंय, अर्थ काढत बसू नकोस.

चिंचवडच्या स्थळाला ‘नाही’ कळवू नका, ‘इतक्यात नाही’ कळवा. छोटूच्या साखरपुड्याला यायला जमत नाहीये, प्रदर्शन तोंडावर आलंय. तो रुसलाय, मेसेजला उत्तर देत नाही. फोटो तरी सगळे पाठवायला सांगा. 25,000 पाठवलेत, 10,000 त्याच्या कपड्यांना, बाकीचे बाबांच्या मोतीबिंदूला. ‘लग्न उरकलं की बघू’ चालणार नाही बाबा, ऑपरेशन आधी. आणि हे पैसे उसने नाहीत, उगाच शंका नको. पोचले की फोन करा. इथे रात्र असली तरी करा, मी जागीच असते.

तुमची,
चिमी