पेगीनची बाजू

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. 'द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड' हा सिनेमा अखेर पाहिलास, याचा फार आनंद झाला. पण त्यातल्या नायिकेला, पेगीनला तू सरळ दगाबाज ठरवून मोकळा झालास, ते मला मुळीच पटलेलं नाही.

तिचं जगणं बघ ना. आयर्लंडमधल्या मेयोच्या किनाऱ्यावरचं आडगाव, बापाचा दारूचा गुत्ता, आणि लग्न ठरलंय ते शॉनशी. बाप रात्रभर मयताच्या घरी जाणार, पोरगी एकटी राहणार, तरी हा गडी सोबतीला थांबायला तयार नाही. का, तर पाद्री काय म्हणतील! लोकांनी धरून ठेवलं, तर अंगातला कोट त्यांच्या हातात सोडून पळतो. अशा घरात क्रिस्टी येतो. भेदरलेला, धुळीनं माखलेला, आणि म्हणतो, बापाच्या डोक्यात फावडं घालून आलोय. तिला तो पुरुष वाटला, यात नवल ते काय?

ज्याच्या नाटकावर हा सिनेमा आहे, त्या आयरिश नाटककार जे. एम. सिंगनं हे हवेतून आणलेलं नाही. बापाला फावड्यानं मारून आलेल्या एका माणसाला बेटावरच्या लोकांनी लपवल्याची हकिगत त्यानं आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या ॲरन बेटांवर ऐकली होती. १९०७ च्या जानेवारीत डब्लिनच्या ॲबी थिएटरमध्ये नाटक लागलं, तेव्हा प्रेक्षकांनी दंगा केला. आयरिश खेड्याची बदनामी केली म्हणून लोक संतापले होते. हा सिनेमा आला १९६२ साली. दिग्दर्शक ब्रायन डेस्मंड हर्स्ट, संगीत शॉन ओ रिआदाचं.

तो आरशाचा प्रसंग आठवतोय ना? सकाळी क्रिस्टी एकटाच आरशात स्वतःला न्याहाळतोय, घरच्या आरशात आपण असे कधी दिसलोच नाही म्हणून हरखलाय. तेवढ्यात गावच्या पोरी येतात आणि तो आरसा झटकन पाठीमागे लपवतो. त्या अंडी, लोणी, कोंबडी घेऊन आल्यात, बापाला मारणाऱ्या वीराला! मला ही जागा अतिशय प्रिय आहे. थाप मारता मारता पोरगा खरोखरच बदलायला लागतो, शर्यत जिंकतो, पेगीनशी असं बोलतो की तिच्यासारखी तिखट पोरगीही विरघळते.

आणि मग डोक्याला फडकं गुंडाळलेला जिवंत बाप दारात! क्रिस्टी सगळ्यांसमोर त्याच्यावर पुन्हा फावडं उचलतो. लांबच्या गावचा खून ऐकायला बरा वाटतो रे, पण परसात रक्त दिसलं की माणूस हादरतो. पेगीन हादरली. त्याला बांधायला तिनं मदत केली, चुलीतल्या निखाऱ्यानं त्याचा पाय भाजला, हे क्रूर आहेच, मी नाकारत नाही. पण ज्यानं तिला प्रेमाची भाषा शिकवली, तोच आधी खोटा निघाला आणि मग तिच्या डोळ्यांदेखत खुनी. तिनं काय करायचं होतं?

पेगीन झालेली शवॉन मकेना तेव्हा चाळिशीला टेकलेली, क्रिस्टी झालेला गॅरी रेमंड तिच्याहून बराच तरुण. वय दिसतं, हे तुझं म्हणणं मान्य. तरी शेवटी तो निघून जातो आणि ती आक्रोश करते, तिथे मला वय दिसत नाही. क्रिस्टीचं भलंच झालं, आता बापच त्याच्या मागून मुकाट चालतो. ती मात्र त्याच गुत्त्यात, त्याच शॉनजवळ उरली.

एवढं वाचून तो शेवट परत बघ आणि मला लिही. क्रिस्टीवर डोळा असलेल्या विधवा क्विनबद्दल तू अवाक्षरही लिहिलेलं नाहीस, तेही येऊ दे. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
मित्र