अंगणावरून निवाडा नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'घराची कळा अंगण सांगते' ही म्हण आपल्यात इतकी मुरली आहे की ती तपासून पाहावी असं कुणाला वाटत नाही. शेजारच्या दारात पालापाचोळा साचला, दोरीवरचे कपडे दोन दिवस तसेच राहिले, की ते घर आळशी आणि बेफिकीर ठरतं. मग बोलणं संसारावर जातं, मुलांच्या वळणावर जातं. त्या घरात जाऊन विचारपूस मात्र कुणी करत नाही.

आमच्या शेजारच्या एका घराला अशीच नावं ठेवली जायची. पायरीवर धूळ, दाराच्या जाळीत घडीसुद्धा न मोडलेली वर्तमानपत्रं, दोरीवर वाळून कडक झालेले टॉवेल. आत पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले गृहस्थ होते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांची पत्नी दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवायची, रात्रीसुद्धा. त्यांच्याखालची चादर ताणून बसवलेली, स्वच्छ, एक सुरकुती नाही, कारण सुरकुतीनेही अशा माणसाची कातडी सोलवटते. बाईंचं सगळं बळ त्या एका चादरीवर खर्च होत होतं आणि बाहेर लोक पायरी पाहून मत बनवत होते. कुणी आत येईल या धास्तीने त्या दार पुरतं उघडेनाशा झाल्या होत्या. मला सर्वांत जास्त लागतं ते हेच. आपल्या शेऱ्यांमुळे, ज्यांना मदत हवी तीच माणसं दार लावून घेतात.

शिवाय हा निवाडा सगळ्यांना सारखा लागू होत नाही. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात लोकांना एकाच खोलीचे फोटो दाखवले. काहींना ती पुरुषाची म्हणून सांगितली, काहींना बाईची म्हणून. बाईची म्हटल्यावर तीच आवरलेली खोली लोकांना कमी स्वच्छ वाटली. वस्त्यांचंही तसंच. रॉबर्ट सॅम्पसन आणि स्टीफन रॉडेनबुश यांनी शिकागोतल्या वस्त्यांचा अभ्यास 2004 साली मांडला. वस्ती किती गचाळ वाटते हे तिथल्या प्रत्यक्ष कचऱ्यापेक्षा तिथे कोण राहतं, किती गरिबी आहे, यावर जास्त ठरतं, असं त्यांना आढळलं. म्हणजे आपण अंगण पाहतो असं म्हणतो आणि पाहतो माणसाची जात-पात, ऐपत.

काही घरांतला पसारा तर दुखण्याचाच भाग असतो. नैराश्यात अंथरुणातून उठणंही जड जातं. एकही वस्तू टाकवत नाही, हा विकार अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत 2013 पासून स्वतंत्र आजार म्हणून नोंदलेला आहे. तिथे टोमणे काय कामाचे?

कुजका कचरा, दुर्गंधी, उंदीर यांचा त्रास सगळ्यांना होतो आणि त्याबद्दल बोललंच पाहिजे. पण धोका नीटनेटकेपणा पाहून येत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. वापरात नसलेल्या सामानाच्या कोरड्या ढिगापेक्षा देखण्या गॅलरीतल्या कुंडीखालची पाण्याने भरलेली ताटली जास्त घातक ठरू शकते. ती आठवड्यातून एकदा कोरडी करायला हवी, आणि हे सांगायला कुणी त्या गॅलरीकडे बोट दाखवत नाही!

तक्रार असेल तर ती त्या घराच्या दारात जाऊन करावी, चारचौघांत नव्हे. आणि करण्याआधी 'सगळं ठीक आहे ना? काही हातभार लावू का?' एवढं विचारावं.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती आहे. घरसजावटीच्या पानावर नेहमी चकचकीत दिवाणखाने दिसतात. त्याच पानावर कधीतरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची खोली कशी लावावी, औषधं कुठे ठेवावीत, सांभाळणाऱ्याची पाठ कशी जपावी, हेही छापावं. आमच्या शेजारणीने ते पान नक्की कापून ठेवलं असतं.

आपला नम्र,
एक वाचक