हँडलबारवरच्या कॅमेरा बॅगचा क्लॅम्प तुटून लेन्सचे नुकसान झाल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय/महोदया,

मी पुण्यात राहतो आणि सुट्टीच्या दिवशी सायकलवरून पक्ष्यांचे फोटो काढायला जातो. पूर्वी कॅमेरा पट्ट्याने छातीशी बांधायचो. त्यात एक फायदा असतो, रस्त्याचा हादरा हातापायांत जिरतो आणि कॅमेऱ्यापर्यंत फारसा पोहोचत नाही. पण एकदा घसरून पडलो तेव्हा तोच कॅमेरा बरगडीत घुसला. म्हणून ऑक्टोबरमध्ये तुमची हँडलबारला लावायची बॅग ३,४५० रुपयांना घेतली.

जानेवारीत रोहित पक्षी पाहायला भिगवणला निघालो होतो. सोलापूर रस्त्याने साधारण १०० किलोमीटर. पाटसच्या पुढे रंबलर लागले. वेग कमी केला होता, तरी तिसऱ्या-चौथ्या पट्ट्यावर बॅग निखळून रस्त्यावर आपटली. मागून येणारा ट्रक बाजूने गेला म्हणून कॅमेरा निदान हाती लागला. लेन्सची फोकस रिंग अडकली आहे आणि माउंटपाशी, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडते तिथे, तडा गेला आहे. तीन वर्षं पैसे साठवून घेतलेली लेन्स आहे ती. तसाच भिगवणजवळच्या कुंभारगावला पोहोचलो, होडीत बसलो. उजनीच्या उथळ पाण्यात माना खाली घालून रोहित चरत होते. एकही फोटो काढता आला नाही.

तुमच्या प्रतिनिधीने फोनवर सांगितलं, ‘वजन जास्त झालं असेल, शिवाय खराब रस्त्यावरच्या वापराला वॉरंटी नाही.’ कॅमेरा, लेन्स आणि जादा बॅटरी मिळून वजन दीड किलो भरलं. तुमच्या लेबलवर तीन किलो छापलं आहे. आणि सायकलसाठी म्हणून विकलेली बॅग खड्डे आणि रंबलर सोसणार नसेल, तर ती आम्ही कुठे वापरायची?

बॅग हँडलबारला धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचं प्लॅस्टिक स्क्रूच्या भोकापासून फाटलं आहे. माझा हँडलबार ३१.८ मिलिमीटरचा आहे आणि खोक्यावर तोच आकार चालेल असं लिहिलंय. पण एवढ्या जाड दांड्यावर क्लॅम्प ताणला जातो, स्क्रू जेमतेम दोन-तीन आटे पकडतो. उभ्या सायकलवर हे टिकतं. हादऱ्यात तेच वजन कितीतरी पटींनी खाली ओढतं. बॅगेला फ्रेमशी बांधणारा एक साधा पट्टा जरी दिला असता, तरी ती लोंबकळत राहिली असती, रस्त्यावर पडली नसती.

बॅगेचे पैसे आणि लेन्सच्या दुरुस्तीचे ८,२०० रुपये १५ दिवसांत मिळावेत. बदली बॅग नको, तिलाही हाच क्लॅम्प असेल. उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक आयोगाकडे जाईन. बिल, दुरुस्तीचा अंदाज आणि फोटो सोबत जोडले आहेत. तुटलेला क्लॅम्प माझ्याकडे ठेवला आहे. तुमच्या माणसाला इथे येऊन पाहता येईल, पण तो कुरिअरने पाठवणार नाही.

आपला,
एक ग्राहक, पुणे