तक्त्यात मॅजिक नंबरही हवा

संपादक महोदय,

सप्टेंबरात मेजर लीग बेसबॉलचा तक्ता छापताना नुसते विजय-पराभव देऊन भागत नाही. संघांचे सामने सारखे झालेले नसतात, त्यामुळे खरी चुरस दिसतच नाही.

समजा, आघाडीच्या संघाचे 90 विजय, 64 पराभव. पाठलाग करणाऱ्याचे 85 आणि 70. विजयांतला फरक 5, पराभवांतला 6. बेरीज 11, तिची निम्मी साडेपाच. तितक्या सामन्यांनी दुसरा मागे. आता 163 मधून (हंगामातले 162 सामने अधिक एक) पहिल्याचे विजय आणि दुसऱ्याचे पराभव वजा करा. उरले 3, हाच मॅजिक नंबर. पहिला जिंकला की एकने घटतो, दुसरा हरला की आणखी एकने. शून्यावर आला की स्थान पक्के.

गफलत होते ती पुढे. 2022 पासून बरोबरी सोडवायला जादा सामना होत नाही, आधी आपसातल्या लढती मोजतात. त्या पहिल्याच्या बाजूने असतील तर वरच्या उदाहरणात 2 च पुरे. 2024 मध्ये मेट्स, ब्रेव्ह्ज, डायमंडबॅक्स तिघांचे 89 विजय झाले, डायमंडबॅक्स बाद फेरीबाहेर. 2025 मध्ये मेट्स आणि रेड्स दोघेही 83 वर थांबले. रेड्सनी मेट्सना सहापैकी चारदा हरवले होते, तेवढ्यावर मेट्सचा हंगाम संपला. नेट रनरेटसारखा आधार इथे नाही. एप्रिलमधली किरकोळ वाटणारी लढतही शेवटी भारी पडते.

म्हणून तक्त्यात मॅजिक नंबर आणि आपसातल्या लढतींचा रकाना जरूर वाढवावा, ही कळकळीची विनंती.

– एक बेसबॉलप्रेमी वाचक